शिफारस मागणं म्हणजे पुढे पुढे करणं का?

पत्रलेखिका २९ वर्षांच्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. भारतातल्या एका संस्थेतून उपयोजित गणितात पीएच.डी. केली, सध्या जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन. नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं की ते शेतात, वस्तीत कुठवर आणि किती वेळात शिरेल हे काढणाऱ्या समीकरणांवर त्यांचं काम आहे. पीएच.डी.तला मुख्य पेपर तिघांचा : त्या, त्याच गाईडकडचा एक बॅचमेट आणि गाईड स्वतः. पीएच.डी.नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मिळू शकणाऱ्या एका पुरस्कारासाठी सरांनी त्या बॅचमेटचं नाव पाठवलं, तेही याच पेपरच्या जोरावर. यांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यानं जानेवारीतच विचारलं होतं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं तुला त्यात रस नाही." आता सर दुसऱ्या एका पुरस्कारासाठी यांचं नाव पाठवायला तयार आहेत, पण "शिफारसपत्राचा मसुदा तूच करून पाठव" म्हणतात. पत्रलेखिका विचारतात : पेपरातली मूळ कल्पना माझी होती हे समितीला कळवू का? अशी उशिराची शिफारस घ्यावी का? की गप्प बसावं? शेवटी लिहितात, "आई म्हणते, मागून मिळालेला मान तो मान नव्हे. मला पुढे पुढे करता येत नाही. काम चांगलं असेल तर ते दिसतंच, असं मी आजवर समजत होते."

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, राग सरांवर आहे. दुसऱ्यांदा वाटलं, मित्रावर आहे. मग बाजूला ठेवून चहा केला, आणि तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात जास्त राग तुमचा तुमच्यावरच आहे. जानेवारीत चार ओळींचा एक मेल आपण का केला नाही, हे तुम्हाला खातंय. म्हणून उत्तराची सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते.

"काम चांगलं असेल तर ते दिसतंच." कुणाला दिसतं?

निवृत्तीच्या आधी काही वर्षं मी एका छोट्या पुरस्काराच्या समितीवर होते. समिती म्हटलं की डोळ्यांपुढे उंच खुर्च्या येतात. प्रत्यक्षात टेबलावर एकोणीस फायली, गार झालेला चहा, आणि चारची गाडी गाठायची असलेले पाच जण. एका वर्षी आमच्यातल्या एकानं एका मुलाचं नाव घेतलं. त्या एकोणिसांतल्या बऱ्याच जणांपेक्षा त्याचं काम सरस होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्याची फाईलच नव्हती. गाईडला वाटलं होतं विभागप्रमुख पाठवतील, विभागप्रमुखांना वाटलं होतं गाईडनं पाठवलं असेल, आणि त्या मुलाला बहुतेक तुमच्यासारखंच वाटलं असावं, की काम दिसतं. "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आम्ही विसाव्या नसलेल्या फाईलवरून पहिल्या फाईलकडे वळलो. पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीत बसत नव्हता.

त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. समितीला माणसं दिसत नाहीत, कागद दिसतात. आणि कागद कुणीतरी पाठवावे लागतात.

आता तुमच्या क्षेत्रातला एक पुरस्कार घेऊ. न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसवाल्यांना, म्हणजे समीकरणांची उत्तरं संगणकावर आकड्यांत काढणाऱ्यांना, लेस्ली फॉक्स पुरस्कार माहीत असतो, तुम्हालाही असेल. फॉक्स हे ऑक्सफर्डचे गणितज्ञ. त्यांच्या नावानं ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिक्स अँड इट्स अ‍ॅप्लिकेशन्स या संस्थेनं १९८५ मध्ये तो सुरू केला. तरुणांसाठी, म्हणजे ३१ वर्षांच्या आतल्यांसाठी, मग माणूस जगात कुठलाही असो. साधारण दर दोन वर्षांनी तो देतात. यात गंमत अशी की उमेदवारानं आपला पेपर आपणच धाडायचा असतो. ज्यांचे पेपर पसंत पडतील त्यांना एका दिवशी बोलावतात, एकेक जण फळ्याशी उभा राहून व्याख्यान देतो, आणि गणित किती दमदार आणि ते सांगितलं किती नीट, या दोन्हींवर पहिलं आणि दुसरी बक्षिसं ठरतात. १९८५ च्या पहिल्या खेपेला पहिलं बक्षीस निक ट्रेफेथन यांना मिळालं. १९८८ मध्ये निक हायम यांना. दोघांची नावं आज तुमच्या क्षेत्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. या दोघांनी तेव्हा काय केलं? आपला पेपर पाकिटात घातला आणि पाठवला. याला आपण पुढे पुढे करणं म्हणू का?

मला वाटतं आपल्या घरांतून दोन गोष्टींची गल्लत होते, वशिला आणि शिफारस. वशिला म्हणजे रांग सोडून मागच्या दारानं आत जाणं. तुमच्या आईनं आयुष्यात पाहिला तो बहुधा हाच, आणि त्याची तिला शिसारी असेल तर ती शंभर टक्के बरोबर आहे. शिफारस म्हणजे रांगेत उभं राहायला लागणारं कुपन. ते मिळालं म्हणजे तुमचा नंबर लागला असं नव्हे, फक्त तुम्ही रांगेत आलात. सरांकडे तुम्ही बक्षीस मागणार नव्हता. सरांच्या हातात ते नव्हतंच. तुम्ही मागणार होता त्यांचा एक तास, एक सही आणि थोडा विचार. पीएच.डी.च्या पाच वर्षांत याहून कितीतरी जास्त वेळ तुम्ही त्यांच्याकडे हक्कानं मागितला असेल.

(अशा वेळी कुणीतरी "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही" ही म्हण ऐकवतंच. मला ती आवडत नाही. मागणं आणि रडणं एक नव्हे, आणि तुम्ही तान्हं बाळ नाही.)

सर चुकले का? चुकले. दोन विद्यार्थी, एक पेपर, एक पुरस्कार. अशा वेळी गाईडनं दोघांनाही विचारायला हवं. दोघं एका पंगतीत बसलेले असताना ज्यानं वाटी पुढे केली त्याला वाढलं आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहिलंच नाही, असं झालं हे. "रस नाही असं वाटलं" हे कारण पटण्यासारखं नाही. गप्प मुली गप्प का असतात हे इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाला कळायला हवं. पण त्यांच्या वाक्यात डाव दिसत नाही, आळस दिसतो. डाव खेळणारा माणूस तुमच्यासाठी दुसरा पुरस्कार शोधत बसला नसता. तेव्हा उशिराची शिफारस घ्या. घेताना सरांना हेही सांगा की पहिल्या वेळी विचारलं नाही याचं वाईट वाटलं. एवढंच, एका वाक्यात. त्यांच्याकडे आज जे विद्यार्थी आहेत, त्यांतली एखादी तुमच्यासारखीच गप्प असेल. त्या वाक्याचा उपयोग तिला होईल.

आता मित्राचं. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे तुम्ही घाईनं काही केलंत तर ते निस्तरायला वर्षं लागतील.

समितीला पत्र लिहू नका. "मूळ कल्पना माझी" असं तुम्ही म्हणता. पण तुमच्याच पत्रात तिसऱ्या पानावर आहे की पाणी संपून कोरडी जमीन सुरू होते त्या काठावर काय करायचं ही युक्ती तुमची, ती प्रत्येक पायरीला टिकते हे सिद्ध करणारा भाग त्याचा, आणि सगळा प्रोग्रॅमही त्याचा. मग मूळ कुठलं? युक्ती नसती तर सिद्ध करायला काही नव्हतं, आणि सिद्धता नसती तर तुमची युक्ती हा एक चांगला अंदाज एवढंच राहिलं असतं. गणितातले लोक पेपरवर नावं आद्याक्षरांच्या क्रमानं लावतात ते यासाठीच. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीनं २००४ मध्ये एक छोटं निवेदन काढून हेच सांगितलंय, की संयुक्त कामात कल्पना आणि कौशल्यं इतकी मिसळतात की वाटे पाडता येत नाहीत, म्हणून नावं अक्षरक्रमानं. उपयोजित गणितात मात्र घोळ होतो. तुमचा पेपर जलसंपदेतल्या इंजिनिअरनं वाचला तर तो पहिलं नाव मुख्य माणसाचं समजणार, कारण त्याच्याकडे तशी रीत आहे. आडनाव 'अ'पासून सुरू होणाऱ्यांचं फावतं, बाकीच्यांनी खुलासे करत बसायचं.

हा खुलासा करायची जागा समितीकडे जाणारी तक्रार नव्हे. तक्रार गेली की समितीला दोन माणसांचं भांडण दिसतं, आणि ती दोघांचीही फाईल बाजूला ठेवते. जागा दोन आहेत. एक, मित्राशी सरळ बोलणं. "तुझं नाव गेलं याचा आनंद आहे. पण तुझ्या फाईलमध्ये काठाच्या युक्तीचं श्रेय कसं लिहिलंय ते मला बघायचं आहे." हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो सज्जन असेल तर त्यालाही हायसं वाटेल. कदाचित त्यानं ते नीट लिहिलंही असेल. तुम्ही अजून विचारलंच नाही, तेव्हा तो काय म्हणेल हे तुम्हाला ठाऊक नाही. जानेवारीत सरांच्या बाबतीत हेच झालं होतं. दुसरी जागा म्हणजे तुमच्या स्वतःच्या वेबपानावर आणि अर्जावर प्रत्येक संयुक्त पेपरखाली एक ओळ : यात माझा भाग कोणता. फुगवून नाही, चोरूनही नाही. ती ओळ लिहिताना मित्राला दाखवा. त्याला मान्य असेल अशीच ओळ टिकते.

मसुद्याचा प्रश्न तुम्ही जरा लाजत लिहिलाय. लाजू नका, आपल्याकडे हे सर्रास चालतं. पण स्वतःची स्तुती स्वतः लिहून वर सरांची सही घेणं मला योग्य वाटत नाही, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे ते पत्र वाईट होतं. स्वतःबद्दल लिहायला बसलेला मराठी माणूस एकतर संकोचानं "मेहनती आणि प्रामाणिक" लिहितो किंवा एकदम "असामान्य प्रतिभा" वगैरे. समितीतल्या माणसाला दोन्ही ओळखू येतं. एकोणीसपैकी अकरा पत्रांत "मेहनती" होतं, मी एकदा मोजलं होतं.

त्याऐवजी सरांना दीड पानाचं टिपण द्या. त्यात विशेषणं नकोत, घटना हव्यात. तुमच्या कामाचंच उदाहरण देते. उथळ पाणी कसं वाहतं याची समीकरणं सां-व्हेनां या फ्रेंच गणितज्ञानं १८७१ मध्ये मांडली. कागदावर ती साधी दिसतात, पण संगणकावर घातली की जुना त्रास सुरू होतो. समजा खडबडीत तळाचं एक तळं आहे, पाणी अगदी स्थिर, वारा नाही. प्रोग्रॅम चालवला की पडद्यावर त्या शांत तळ्यात प्रवाह वाहायला लागतात! तळाचा उतार आणि पाण्याचा दाब एकमेकांना बरोब्बर रद्द करत नाहीत, उरलेली बारीक चूक लाट होऊन पसरते. ही चूक टाळणाऱ्या पद्धती आता आहेत. पण जिथे पाणी संपून कोरडी जमीन सुरू होते त्या काठावर आणखी एक भूत असतं : पाण्याची खोली उणे येते. उणे तीन सेंटिमीटर पाणी! तुम्ही तिघांनी केलं ते हे, की काठ शेतातून पुढे सरकत असतानाही तळं शांत राहील आणि खोली उणे जाणार नाही. इतकं साधं लिहा. आधी काय अडलं होतं, कुणी काय करून पाहिलं होतं, तुम्ही काय वेगळं केलंत, आणि आज ते कोण वापरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. त्या पुराच्या नोंदींवर तुमची पद्धत चालवून पाहिली आहे असं तुम्ही लिहिता. मग ते टिपणात पहिल्या पाच ओळींत हवं, तळटीपेत नको. विशेषणं सरांना घालू दे. तुमची तुलना कुणाशी करायची तेही त्यांनीच ठरवावं, ते तुमच्या पेनातून आलं तर पोकळ लागतं.

आणि मेल. तुम्ही लिहिता की "काय लिहायचं तेच सुचत नाही, तीन वेळा खोडलं." मग हा घ्या, हवा तसा बदला :

"सर, नमस्कार. तुम्ही म्हणालात त्या पुरस्कारासाठी माझं नाव पाठवलंत तर मला आवडेल. अंतिम तारीख आणि अटी खाली दिल्या आहेत. पत्राचा मसुदा करण्यापेक्षा कामाचं टिपण पाठवते आहे, त्यावरून तुम्ही तुमच्या शब्दांत लिहावं ही विनंती. कामाच्या व्यापात जमणार नसेल तर तसं निःसंकोच सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारीन. एक गोष्ट मनात होती ती सांगते : मागच्या वेळी मलाही विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं."

"आपल्या बहुमोल वेळातून" वगैरे काढून टाका. आणि "जमणार नसेल तर सांगा" हे वाक्य मात्र ठेवाच. नाइलाजानं लिहिलेलं कोमट पत्र नसलेल्या पत्रापेक्षा जास्त नुकसान करतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण पाठवा. ती पाठवताना माफी मागू नका.

बाकी वाचकांसाठी आणि तुमच्यासाठीही, अटींबद्दल थोडं. अशा पुरस्कारांत 'तरुण' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणी जन्मतारीख बघतं, कुणी पीएच.डी.ची तारीख. शास्त्र विद्यापीठाचा, कुंभकोणमला दिला जाणारा रामानुजन पुरस्कार ३२ पर्यंतच, कारण रामानुजन ३२ वर्षं जगले. गणितातल्या सगळ्यात मानाच्या फील्ड्स पदकाची हद्द ४०. उपयोजित गणितातलं कोलाट्झ पारितोषिक ४२ च्या आतल्यांना, तेही चार वर्षांतून एकदा, म्हणजे एक फेरी हुकली की पुढची येईतो माणूस हद्दीबाहेर गेलेला असू शकतो. मधल्या खंडाचं काय, हे नेहमी वेगळं वाचा. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या तरुणांसाठीच्या अनुदानात आईला दर मुलामागे १८ महिन्यांची सूट अनेक वर्षं दिली गेली, आणि ती माहीतच नसल्यामुळे अर्ज न केलेल्या बायका मला भेटल्या आहेत. तुम्ही मध्ये आठ महिने आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला होतात. काही ठिकाणी आजारी माणसाच्या देखभालीचा काळही वजा करतात. सचिवांना मेल करून विचारा. विचारल्यानं कुणाची फाईल खाली जात नाही.

फॉक्सच्या बाबतीत त्या वर्षीची सूचना स्वतः उघडून वाचा. वय कुठल्या तारखेला धरतात, संयुक्त पेपर चालतो का, ते त्यात बघा. जुन्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, अटी बदलतात. तिघांचा पेपर त्यात बसत नसेल तर तुमचा एकटीचा एक पेपर आहे, पत्रात ओझरता उल्लेख केलाय. तो मला तुमच्या पत्रातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वाटली. दोन पानं मित्रावर आणि त्या पेपरवर अर्धी ओळ!

आता एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला नको, तुमच्याजवळ ठेवा. पुरस्कार तुम्हाला कशासाठी हवाय? दोन वर्षांत भारतात परत यायचंय, नोकरीच्या निवडीत उपयोग होईल, असं असेल तर ते अगदी रास्त कारण आहे आणि त्या हिशेबानं कुठला पुरस्कार कुठे वजन टाकतो हे बघता येतं. त्याला दिला आणि मला नाही, म्हणून हवा असेल, तर मिळाल्यावरही ती ठुसठुस राहील. दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात. माणसं आहोत.

आणि आकडे डोळ्यांपुढे ठेवा. कोलाट्झ पारितोषिक १९९९ ला सुरू झालं, २०२३ पर्यंत ते फक्त सात जणांना मिळालं. त्यातले २०१९ चे सिद्धार्थ मिश्रा बंगळुरूत शिकलेले, आता झुरिकला, आणि प्रवाहांच्या समीकरणांची संगणकी उत्तरं हाच त्यांचा प्रांत, म्हणजे तुमच्याच गल्लीतले. जगभरातून चार वर्षांत एक. न मिळणं हीच इथली सामान्य स्थिती आहे, त्यावरून कामाची किंमत काढायला गेलात तर बाकी सगळ्यांचं काम शून्य धरावं लागेल. बरं, ज्यांच्या नावानं ते पारितोषिक आहे त्या लोथार कोलाट्झ यांनी आयुष्यभर न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस केलं, आणि सामान्य वाचकाला ते माहीत आहेत शाळकरी वाटणाऱ्या एका कोड्यामुळे : सम संख्या असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, शेवटी १ येतोच का? २७ पासून सुरू करा, १ पर्यंत पोचायला १११ पायऱ्या लागतात. रविवारी वेळ असेल तर करून बघा, रागावर उतारा म्हणून चांगलं आहे.

आईला काय सांगायचं, असंही तुम्ही विचारलंय. तिला वशिला आणि शिफारस यांतला फरक सांगा, तिला तो तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. आणि मित्राशी जे बोलायचं ते मेलवर नको, फोनवर बोला. तो भारतात आहे, तुमच्या संध्याकाळी सहा वाजता त्याच्याकडे जेवणं झालेली असतील. टिपण आज रात्री सुरू करा, तळ्यापासून.